कादंबरीकाराचा खड्डा

‘एवढं खणलं, सोनं किती निघालं?’ जुन्या थडग्यांच्या उत्खननाची बातमी आली की हा प्रश्न ठरलेला. सोनं क्वचितच निघतं. जाणकाराची नजर असते ती खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर, तिथे दिसणाऱ्या मातीच्या थरांवर.

ही नजर भारतात मॉर्टिमर व्हीलरने आणली, असं आपण शिकतो. १९४४ साली तो पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने थर वाचायची शिस्त लावली, हे खरंच. पण त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी निजामाच्या नोकरीतल्या एका इंग्रजाने हेच केलं होतं. फिलिप मेडोज टेलर. ठगाचा कबुलीजबाब कादंबरीरूपात लिहून १८३९मध्ये गाजलेला तोच. (तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची ‘तारा’ही त्याचीच, काही वर्षं तो नळदुर्गला अधिकारी होता.)

सुरपूर संस्थानाचा कारभार पाहताना, पंढरपुराहून खाली गेलेल्या भीमेच्या काठी, जेवरगीजवळ त्याला दगडांची वर्तुळं दिसली. त्याने ती खणली. पुढची गंमत अशी की सापडलेली मडकी नि हाडं गोळा करून तो थांबला नाही. वरचे दगड, खालचा भराव, त्याखालचे सांगाडे, सगळं जिथल्या तिथे दाखवणारा उभा छेद त्याने काढला. स्तुतीच्या बाबतीत हात आखडता असलेल्या व्हीलरनेही या छेदांना दाद दिली.

यात एवढं काय? जुन्या वाड्यातलं पेव आठवा. पणजोबांच्या काळच्या जमिनीतून खाली पुरुषभर खोल गेलेलं. त्यात काल पडलेलं नाणं खोलीच्या हिशेबाने शिवकाळाच्याही आधीचं ठरेल! पेवाची कड कोणत्या थरातून सुरू होते, ते भिंतीत दिसलं तरच घोटाळा टळतो. मोहेंजोदडोला १९२०-३०च्या दशकांतही बऱ्याच वस्तूंची नोंद ठरीव पातळीपासूनच्या खोलीवरच झाली. व्हीलर त्यावर भयंकर चिडला होता, आणि योग्यच चिडला होता.

टेलरचे निष्कर्ष मात्र पार फसले. युरोपातल्या दगडी वर्तुळांशी साम्य पाहून त्याने ही थडगी शक आणि ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) यांच्याशी जोडली. आज ती दख्खनच्या लोहयुगातली मानतात. विदर्भात माहुरझरीला शां. भा. देव यांना अशाच वर्तुळांत तांब्याच्या साजासह पुरलेले घोडे मिळाले. ड्रुइड तिथे कुठून येणार? तरीही टेलरचे छेद आज नव्याने वाचता येतात, कारण त्याने पाहिलेलं आणि त्याला वाटलेलं यांची सरमिसळ चित्रात झालेली नाही.

आपल्या गडांवर हे उलटं चालतं. टाक्यातला गाळ घमेल्यांनी उपसला जातो, तोफगोळा किंवा शिवराई सापडली की फोटो निघतो. राबणाऱ्या तरुणांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण तो गोळा कोणत्या थरात होता, त्याच्या वर राख होती की पडक्या भिंतीचा चुना, हे घमेलं दरीत रिकामं झाल्यावर कोणालाही सांगता येत नाही.