कुत्रा बूड का घासतो?

घरी पाहुणे आलेले असतात आणि नेमका तेव्हाच कुत्रा जमिनीवर बूड घासत फिरतो. आपल्याला लाज वाटते, आपण त्याला लाथ घालतो. पण ही खोड नाही, बहुतेकदा तो आजार असतो.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना छोट्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की खाज येते, दुखतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पोटात चपटे जंत आहेत. अंग चाटताना पिसू गिळली की ते होतात. अशी पिसू लहान मुलाच्या पोटात गेली तर त्यालाही होतात.

मारू नका. ग्रंथी घरी दाबू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, जंतांचं औषध द्या, पिसवा घालवा. कुत्र्याशी खेळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा.