विश्लेषण : आभासी वास्तवात गड दिसेल, पण गडावर जाणे होईल का?

बीड जिल्ह्यातील नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, किंवा जे ऊसतोडणीसाठी दूरच्या कारखान्यावर आहेत, त्यांना डोळ्यांवर चष्मा चढवून गडाचे दर्शन घडले तर? प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात आभासी वास्तवाचा, म्हणजेच ‘व्हीआर’चा अनुभव देण्याची सोय होती. त्यामुळे हा प्रश्न आता दूरचा नाही.

हे तंत्रज्ञान चालते कसे?

चष्म्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात. त्यामुळे मेंदूला दृश्याची खोली जाणवते. मान वळली की सेन्सर ती हालचाल टिपतो आणि दृश्यही वळते. मात्र डोळ्यांना दिसणारी हालचाल कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत नाही. म्हणून काहींना मळमळते.

सुरुवात कधी झाली?

अमेरिकी संशोधक आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर लावायचे असे उपकरण दाखवले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी गूगलने मोबाइल बसवून वापरायचा पुठ्ठ्याचा चष्मा आणला आणि हा अनुभव सामान्यांच्या आवाक्यात आला.

फायदा काय, धोका काय?

शस्त्रक्रिया किंवा विमान चालवण्याचा सराव करताना चूक झाली, तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही. उंचीच्या भीतीवरील उपचारांतही त्याचा उपयोग होतो. पण मान, हात आणि काही उपकरणांत नजर कुठे वळते, याचीही नोंद होऊ शकते. ती कुणाकडे जाते, हे वापरणाऱ्याला क्वचितच कळते. मेटाने २०२३ मध्ये वयोमर्यादा १३ वरून १० वर्षांवर आणली. दहा ते बारा वर्षांच्या मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली असते. म्हणजे जबाबदारी घरावरच येते.

मग गडाचे काय?

२०२४ च्या दसऱ्याला मनोज जरांगे यांच्या मेळाव्यासाठी नारायणगडावर मोठी गर्दी झाली. ती गर्दी कॅमेऱ्यात टिपता येते; पण मागणीला वजन येते ते माणसे प्रत्यक्ष आल्याने. दर्शनाचेही तसेच. रांगेतली ओळख, पंगतीतला शेजार चष्म्यात मिळत नाही. जे येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची. मात्र घरात चष्मा आला म्हणून आजीला गाडीत बसवून गडावर नेण्याची गरज संपत नाही.