गाडीवरचं जुनं वॅक्स काढताना रंग वाचवा

आज गाडीवरचं जुनं वॅक्स काढण्याबद्दल बोलू या. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमचं घर जबलपूरच्या सराफ्यात, कमानिया गेटजवळच्या एका बोळात. बाबांची गडद निळी गाडी होती. दर दिवाळीला ते स्वतः तिच्यावर वॅक्स चढवायचे, आधीचं न काढता. वर्षानुवर्षं असं चाललं आणि गाडी मळकट दिसायला लागली. कडांमध्ये पांढरं वॅक्स साचलेलं, मधे ओशट डाग. बाबांच्या पंचाहत्तरीला गाडी लख्ख करून द्यायची असं मी ठरवलं आणि भांड्यांची पावडर नि घासणी घेऊन बसलो. डाग गेले. पण गाडी वाळल्यावर बॉनेटच्या कडेला पांढुरका ओरखड्यांचा पट्टा दिसला. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

शेजारचे सोनारकाका म्हणाले, "अरे, दागिना उजळतानाही आम्ही बेतानं घासतो. प्रत्येक घासण्यात सोनं जातं." पण त्यांचं सोनं निदान परत तरी मिळतं. दुकानातली धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक सराफ्यात असतात. आपण त्यांना झारेकरी म्हणतो, इकडे न्यारिया म्हणतात. गाडीचा घासला गेलेला रंग मात्र कुठलाही झारेकरी परत आणून देत नाही.

आता बघा, आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, तो क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. ऊन-पावसाला तोच तोंड देतो. वॅक्स या थराच्याही वर बसतं. तेव्हा नियम एकच: वॅक्स विरघळवून काढायचं, खरवडून नाही.

आधी वॅक्स उरलंय का ते तपासा. गाडी साध्या कार शाम्पूने धुवा आणि पाणी टाका. टपोरे थेंब उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी सपाट पसरलं तर ते जवळजवळ गेलेलं आहे, उगाच मेहनत करू नका.

काम सकाळी, सावलीत करा. पत्र्याला हाताची मागची बाजू लावा, गरम वाटला तर थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू वाळून डाग पडतात.

पहिली पायरी, भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या धुळीवर कापड फिरवणं म्हणजे सॅण्डपेपर फिरवणंच. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. वरून खाली धुवा. वॅक्स काढण्यासाठीचा खास शाम्पू मिळतो, तो उत्तम. भांड्यांचं लिक्विड एखाद्या वेळी चालेल, नेहमी नको, त्याने रबर कोरडं पडतं. पावडर मात्र कधीच नको. तिच्यात घासणारे कण असतात. माझ्या बॉनेटला विचारा!

दुसरी पायरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. ७० टक्क्यांचं घेऊन त्यात तेवढंच पाणी मिसळा. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून बघा. कापडावर रंग आला तर तुमच्या गाडीवर क्लिअर कोट नाही किंवा रंग कच्चा आहे, तिथेच थांबा. नुकत्याच रंगवलेल्या भागावरही हे वापरू नका. सगळं ठीक असेल तर मऊ मायक्रोफायबर कापड ओलसर करा, एका वेळी दोन हातांएवढाच भाग घ्या, हलक्या हाताने पुसा आणि कापडाची बाजू बदलत राहा. हे द्रावण पेट घेतं. बंद गॅरेजमध्ये नको, जवळ उदबत्तीसुद्धा नको.

कडांमधल्या पांढऱ्या वॅक्सला हेच द्रावण आणि जुना मऊ टूथब्रश पुरतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका. रॉकेल पुसलं की चमक दिसते, पण ती रॉकेलच्याच ओशट थराची असते.

एवढं करूनही पत्रा बोटांना खरखरीत लागला, तर क्ले बार वापरा, पण त्याचं वंगण मारूनच. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या. पैसे गेले असं वाटतं, पण त्यात चिकटलेला एक खडा पूर्ण बॉनेटवर रेघ ओढतो.

शेवटी गाडी धुवा, पुसा, पुन्हा पाणी टाकून बघा. पाणी पसरलं की काम झालं. त्याच दिवशी नवीन वॅक्सचा पातळ हात द्या. जबलपूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्या उन्हात पक्ष्याची विष्ठा उघड्या रंगावर पडली, तर डाग लवकर धरतो.

बाबांची बाकीची गाडी मी याच पद्धतीने साफ केली, दोन सकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल, ग्वारीघाटापर्यंत जाऊन येऊ." बॉनेटवरचा पट्टा अजून तसाच आहे. तुमच्या गाडीवर तो यायला नको, एवढ्यासाठी हे सगळं सांगितलं. नमस्कार.