दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इंटरनेट : खर्च, कायदा आणि समता

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचावर दिसणारे चित्र आज प्रामुख्याने तीन मार्गांनी येते : उपग्रहावरून थेट छतावरील तबकडीत, केबलचालकाच्या तारेतून किंवा इंटरनेटद्वारे. पडद्यावरील चित्र सारखेच भासले, तरी ते घरापर्यंत पोहोचविण्याचा खर्च आणि त्यास लागू होणारा कायदा मार्गागणिक बदलतो. तिसऱ्या मार्गाचा प्रसार वेगाने होत असताना हा भेद समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रसारणाचे अर्थशास्त्र

ज्या वस्तूचा एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याला ती कमी येत नाही, तिचा उपभोग अप्रतिस्पर्धी असतो, असे अर्थशास्त्र मानते. उपग्रहीय प्रसारण हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी शैक्षणिक कार्यक्रम प्रक्षेपित झाले. खेड्यांची संख्या दुप्पट असती, तर संच अधिक लागले असते. उपग्रहावरील प्रक्षेपणाचा खर्च मात्र तेवढाच राहिला असता. म्हणजेच वाढीव प्रेक्षकामागे प्रक्षेपणाचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो.

इंटरनेटवर स्थिती वेगळी असते. तेथे सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकाकडे माहितीचा स्वतंत्र प्रवाह धाडावा लागतो. एक कोटी लोक क्रिकेटचा सामना एकाच वेळी पाहत असतील, तर एक कोटी प्रवाह निर्माण होतात. लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील संगणकांवर साठवून लांब पल्ल्याचा भार हलका करता येतो. परंतु घरापर्यंतच्या अखेरच्या टप्प्याचा भार तसाच राहतो.

आयपीटीव्ही आणि खुले इंटरनेट

इंटरनेट तंत्राने येणाऱ्या दूरचित्रवाणीचेही दोन प्रकार आहेत. ‘आयपीटीव्ही’मध्ये सेवादाता स्वतःच्या नियंत्रित जाळ्यातून वाहिन्या पुरवितो. जाळ्याच्या प्रत्येक शाखेवर एका वाहिनीचा एकच प्रवाह धाडून तो अनेक घरांत वाटला जात असल्याने क्षमतेची बचत होते. एमटीएनएलने २००६ मध्ये दिल्ली व मुंबईत ही सेवा सुरू केली आणि २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

दुसऱ्या, म्हणजेच ‘ओटीटी’ प्रकारात कार्यक्रम खुल्या इंटरनेटवरून येतो. त्यासाठी स्मार्ट टीव्ही किंवा संचाला जोडावयाचे छोटे उपकरण पुरते. जोडणीचा वेग घटताच चित्राचा दर्जा आपोआप उतरतो. अशा सेवांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत. त्यांत वयोगटानुसार कार्यक्रमांचे वर्गीकरण आणि त्रिस्तरीय तक्रार निवारण यांची तरतूद आहे.

वेगाचे गणित

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट ठरविण्यात आला होता. उच्च दर्जाच्या चित्रास सेकंदाला ५ मेगाबिट लागतात असे मानल्यास एका तासाला सुमारे सव्वादोन गीगाबाइट माहिती खर्च होते. २५६ किलोबिट वेगाने तेवढी माहिती उतरवून घेण्यास साडेएकोणीस तास लागले असते. जानेवारी २०२३ मध्ये किमान वेगाची व्याख्या २ मेगाबिट अशी सुधारण्यात आली. तरी तीही या गरजेहून कमीच आहे.

दररोज तीन तास पाहणाऱ्या कुटुंबास महिन्याला सुमारे २०० गीगाबाइट लागतात. दिवसाला दोन गीगाबाइट देणाऱ्या मोबाइल योजनेतून महिन्यास जेमतेम ६० मिळतात. म्हणून मोठ्या पडद्यासाठी सामान्यतः घरापर्यंत आलेली तारेची जोडणी हवी. २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यांपैकी तारेवरील जोडण्या केवळ ४ कोटींच्या आसपास होत्या.

समतेचा प्रश्न

ही दरी भरून काढण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी मिळाली. हाच प्रकल्प पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. तथापि फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचणे आणि ते घरोघरी जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय जोडणी मिळाली, तरी मासिक शुल्क उरतेच. याउलट डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या ‘डीडी फ्री डिश’साठी तबकडी व सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च करावा लागतो.

येथे दुसरा मुद्दा स्पर्धेचा आहे. सेवादात्याने एखाद्याच चित्रसेवेसाठी माहितीचा दर कमी ठेवला, तर नवोदित निर्मात्यांची वाट बिकट होईल. ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये अशा भेदभावकारक दरांना मनाई केली, ती यासाठीच महत्त्वाची आहे.

इंटरनेटमुळे प्रेक्षकास निवडीचे स्वातंत्र्य लाभते, तर प्रसारणामुळे अल्प खर्चात सर्वांपर्यंत पोहोचता येते. शेतीविषयक सल्ला, आपत्तीची सूचना किंवा शालेय पाठ केवळ इंटरनेटवर उपलब्ध झाले, तर ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, तेच वंचित राहण्याचा धोका आहे. म्हणून इंटरनेट दूरचित्रवाणीचा विस्तार करताना निःशुल्क सार्वजनिक प्रसारण टिकविणे, हे धोरणाचे अविभाज्य अंग असले पाहिजे.