शेणखत कुजते, धातू उरतो

मृग तोंडावर आला की नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या नायगाव परिसरात नांगरलेल्या काळ्या रानांत खताचे ढीग पडू लागतात. कुठे घरच्या उकिरड्यातले शेणखत, कुठे ट्रॉलीने आणलेले कोंबडीखत. दोन्हींना आपण ‘सेंद्रिय’ म्हणतो. पण खतात जस्त आणि तांबे किती, हे जनावराने काय खाल्ले त्यावर ठरते.

कडबा-चाऱ्यावर जगणाऱ्या लाल कंधारी गाईच्या शेणात हे धातू थोडेच असतात. पोल्ट्रीच्या खाद्यात मात्र त्यांचे क्षार मिसळतात. कोंबडी त्यातला थोडाच भाग अंगी लावते. बाकीचा विष्ठेतून बाहेर पडतो. खत कुजताना कर्ब वायू होऊन उडतो, ढिगाचे वजन घटते. धातू तेवढाच राहतो. म्हणून कुजलेल्या खतात त्याचे किलोमागचे प्रमाण वाढते.

हिशेब मांडून पाहू. समजा, किलोमागे ४०० मिलिग्रॅम जस्त असलेले कोंबडीखत एकरी दोन टन टाकले. शेतात ८०० ग्रॅम जस्त आले. सोयाबीनसारखे पीक त्यातले शंभरेक ग्रॅम उचलते. वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकरी साधारण ९ लाख किलो माती असते; म्हणजे वर्षाला किलोमागे पाऊण मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत पंधरा.

हे लगेच विष ठरत नाही. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत जस्ताची उणीवच सर्रास आढळते. पिकाला उपलब्ध असलेले जस्त मोजणाऱ्या डीटीपीए चाचणीत किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी जस्त म्हणजे कमतरता. अशा रानाला कोंबडीखत वरदानच आहे. काळी चिकणमाती आणि चुना धातूला घट्ट धरून ठेवतात, पिकाला थोडाच मिळू देतात. पण धरून ठेवलेला धातू रानातच साठत जातो.

जगाने याची दखल खाद्यापासूनच घेतली. अमेरिकेत कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या आर्सेनिकयुक्त रॉक्सारसोनची विक्री २०११ मध्ये थांबली. डुकरांच्या पिलांना औषध म्हणून जास्त मात्रेत झिंक ऑक्साइड देणे युरोपीय संघाने २०२२ मध्ये बंद केले. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे जस्त १०००, तांबे ३०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. थेट पोल्ट्रीवरून येणाऱ्या ट्रॉलीसोबत सहसा तपासणीचा कागद नसतो.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध जस्त आणि तांब्याचे आकडे असतात. जुनी पत्रिका फेकू नका; नवीशेजारी ठेवून पाहा. जस्त पुरेसे झाले असेल तर झिंक सल्फेटचा खर्च वाचवा, कोंबडीखताला एक-दोन वर्षे विश्रांती द्या, शेणखत वापरा किंवा रानात मेंढरे बसवा. मात्र कोंबडीखत नुकतेच पसरलेल्या रानात मेंढरे चारू नका. जादा तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि तिचा जीव घेऊ शकते. रानातल्या साठ्याचा इशारा आधी कळपाला मिळू नये, पत्रिकेतूनच आपल्याला मिळावा.