कब्जा कुणाचा, इरादा काय?

'अतिक्रमण' म्हटलं की आपल्या नाशिककरांच्या डोळ्यांपुढे महापालिकेची गाडी येते, मेनरोडवरच्या हातगाड्या उचलणारी. त्या अतिक्रमणाबद्दल मला आज बोलायचं नाही. दुसऱ्याच्या घरात, शेतात, अंगणात कुणी त्याच्या मर्जीविरुद्ध शिरलं, त्याने फिर्याद दिली, तर पुढे कोर्टात काय होतं, ते सांगायचं आहे. कायद्याच्या मराठी पुस्तकात याला 'फौजदारीपात्र अतिक्रमण' असा भारदस्त शब्द आहे.

मी वकील नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण 2017 साली गिरणारे परिसरातल्या एका गावात कार्यक्रमाला गेलो आणि बांधाच्या भांडणात पंच होऊन बसलो. दोघे चुलतभाऊ. धाकट्याने थोरल्याच्या द्राक्षबागेच्या कडेने ट्रॅक्टर घातला. शब्दाला शब्द लागला. थोरला पोलीस ठाण्यात गेला. मी पंचनाम्यावर सही केली आणि त्यानंतर सीबीएसजवळच्या कोर्टाचे जिने मला पाठ झाले.

तिथे बसून एक गंमत लक्षात आली. फिर्याद, कब्जा, जामीन, मुद्दत, वकील... हे सगळे शब्द माझ्या आजीच्या दखनी बोलीतले. तिने मात्र कोर्टाची पायरी कधी पाहिली नाही.

या शब्दांतला 'कब्जा' सगळ्यात महत्त्वाचा. आपली समजूत अशी, की कोर्ट आधी सातबारा बघणार आणि जमीन कुणाची ते विचारणार. फौजदारी कोर्टाचा पहिला प्रश्न वेगळा असतो : त्या दिवशी ती जागा कुणाच्या कब्जात होती? जुन्या नाशकातले वाडे डोळ्यांपुढे आणा. दोन-दोन पिढ्या भाडेकरू राहिलेले. वाड्याचा मालक भाडेकरूला धमकावण्यासाठी कुलूप तोडून खोलीत शिरला, तर आरोपी मालक होतो. 'माझीच खोली आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरा प्रश्न इराद्याचा. नुसतं आत जाणं हा गुन्हा नव्हे. आत जाणाऱ्याच्या मनात गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू हवा. चेंडू आणायला कुंपणावरून उडी मारणारं पोर यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. आपल्या जाण्याने समोरच्याला त्रास होईल हे ठाऊक असणं पुरेसं नाही, त्रास देणं हा जाण्यामागचा उद्देश असला पाहिजे. उलट, रीतसर आत आलेला माणूसही सापडू शकतो. वसुलीसाठी आलेला गृहस्थ 'आता निघा' म्हटल्यावरही दमदाटी करत ओट्यावर बसून राहिला, तर त्याचं बसणं हेही अतिक्रमणच.

शिक्षा तशी लहान. जुन्या दंड संहितेत साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, घरात शिरल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 329 व्या कलमात कैद तेवढीच राहिली, दंडाची मर्यादा दोन्हींसाठी पाच हजारांवर गेली. घटना त्या तारखेआधीची असेल तर जुनाच कायदा लागतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण जामीनपात्रही आहे, त्यामुळे जामीन मिळणं हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

मग दोषारोपपत्र येतं, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, 'गुन्हा कबूल आहे का?' इथे पुष्कळ माणसं फसतात. रोजंदारी बुडवून तारखांना येणारा माणूस वैतागतो, कुणीतरी कानात सांगतं, 'हो म्हण, दंड भर, सुटशील.' तो सुटतोही. पण कबुलीनंतरचा दंड ही दोषसिद्धी असते, आणि पोराला नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरताना ती नोंद समोर उभी राहते. पहिलाच गुन्हा असेल तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याखाली सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे न मागताच लोक दंड भरून मोकळे होतात, याचं मला वाईट वाटतं.

याहून सरळ वाट तडजोडीची. हा गुन्हा आपसांत मिटवता येतो, त्याला कोर्टाची परवानगीही लागत नाही. मिटवण्याचा अधिकार मात्र जागा ज्याच्या कब्जात आहे त्याचा. पुण्यात राहणाऱ्या मालकाने मिटवलं म्हणून भाडेकरूची फिर्याद मिटत नाही. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. पण मारहाणीची तयारी करून, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन घरात शिरल्याचं कलम लागलं, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि खालच्या कोर्टात ते मिटत नाही. समेट झाला तरी मुंबईला, उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून फिर्यादीत रागाच्या भरात नसलेली काठी घालू नये. उद्या दोघांनाही तिचं ओझं होतं.

आमच्या भावांचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. पुरसीस लिहून झाली. न्यायाधीशांनी थोरल्याला विचारलं, 'दबावाने तर सही करत नाही ना?' तो म्हणाला, 'नाही साहेब.' बाहेर आल्यावर धाकटा मला म्हणाला, 'चाचा, केस मिटली, पण ट्रॅक्टर कुठून नेऊ?'

प्रश्न बरोबर होता. फौजदारी कोर्ट बांध आखून देत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा करायचा असतो, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जागेवरून बेकायदा हुसकावलं गेलेल्यालाही दिवाणी कोर्टात मालकीच्या वादात न शिरता कब्जा परत मागता येतो. तिथेही मुदत सहा महिन्यांचीच. आणि लोक ते सहा महिने फौजदारीच्या तारखांत घालवतात.

या दोघांनी मोजणीचे पैसे निम्मे-निम्मे भरले. भूकरमापक आले, खुणा टाकल्या. हद्द निघाली नेमकी चाकोरीच्या मधून, एक चाक याचं, एक चाक त्याचं. थोरला बराच वेळ त्या दगडाकडे बघत उभा राहिला. दोघे अजून एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. ऑक्टोबरच्या छाटणीला ट्रॅक्टर मात्र दोघांचेही तिथूनच जातात.