बाथरूमचं दार बाहेर उघडू द्या

संडास आणि न्हाणी एकत्र असलेली खोली किमान २.८ चौरस मीटरची आणि किमान १.२ मीटर रुंद असावी, असं २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत म्हटलं आहे. म्हणजे साधारण ३० चौरस फूट. मुंबई-ठाण्यातल्या वन बीएचकेतलं बाथरूम याहून फारसं मोठं नसतं, आणि जुन्या इमारतींत तर ४ बाय ६ फुटांतच सगळं बसवलेलं असतं. अशा खोलीला आत उघडणारं अडीच फुटी दार लावलं, की ते फिरताना जमिनीवर पाव वर्तुळ अडवतं आणि त्या पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळजवळ ५ चौरस फूट भरतं. ३० चौरस फुटांतला हा सहावा हिस्सा झाला, २४ चौरस फुटांतला पाचवा. तिथे कमोड बसवता येत नाही, बेसिन बसवता येत नाही. बादली ठेवली तर दार तिच्यावर आपटतं, आणि आत गेलेल्या माणसाला आधी कमोडच्या कडेला अंग चोरून उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे दार लावून घेता येतं. चौरस फुटाच्या भावानं घेतलेल्या घरात एवढी जागा निव्वळ दाराच्या फिरण्यापायी मोकळी ठेवायची, ही उधळपट्टी आहे. छोट्या बाथरूमचं दार बाहेर उघडावं असं मला वाटतं त्याचं जागा हे एक कारण. दुसरं कारण जिवाशी संबंधित आहे आणि ते मी पहिल्यापेक्षा वरचं मानतो.

घरात बाथरूमला दार असणं ही आपल्याकडे अनेक कुटुंबांसाठी तशी अलीकडचीच गोष्ट. चाळीतल्या खोलीत कोपऱ्यात मोरी असायची, तिला हातभर उंचीचा कठडा आणि वर पडदा. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून लोक आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घरही आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं झालं आहे. या सगळ्या घरांत संडास-बाथरूम घराच्या आत आलं, पण त्याच्या दाराचा वेगळा विचार कुणी केला नाही. झोपायच्या खोलीचं दार आत उघडतं, तसंच सुतारानं हेही बसवलं. झोपायच्या खोलीला ते शोभतं, कारण तिथे दारामागे भिंत मोकळी असते आणि दार किलकिलं झालं तरी आतला माणूस एकदम नजरेस पडत नाही. ४ फूट रुंदीच्या ओल्या, निसरड्या खोलीला तो नियम लावण्यात मात्र काहीच अर्थ नाही.

कारण या खोलीत माणूस पडला, तर तो बहुतेक वेळा दाराशीच पडतो. दुसरीकडे पडायला जागाच नसते. साबणाच्या पाण्यावर पाय सरकतो, रात्री झोपेतून उठून गेल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, पक्षाघाताचा झटका येतो, बंद जागेतल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसल्यानं काही कळायच्या आत शुद्ध हरपते. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवूच नये हे खरं, पण तो असंख्य घरांत बसवलेला आहे हेही खरंच. आता ६०-७० किलोंचं अंग दाराला आतून टेकून पडलं आहे आणि दार आतच उघडतं. बाहेरचे लोक जितक्या जोरानं ढकलतील, तितका तो जोर आतल्या माणसाच्या मानेवर, बरगड्यांवर जाणार. दार फोडलं तरी तुकडे त्याच्याच अंगावर. बाहेर उघडणारं दार असेल तर हा प्रसंगच उद्भवत नाही. कडी सुटली की दार ओढायचं आणि माणसाला बाहेर घ्यायचं.

दाराच्या दिशेवर जीव अवलंबून असतो हे जगानं फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १८८३ साली १८३ मुलं चेंगरून मेली. जिन्याच्या तळाशी असलेलं दार मुलांच्याच दिशेनं उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्टनं अडकवलेलं होतं. मागून रेटा आल्यावर ते उघडणं कुणाच्या हातात राहिलं नाही. आपल्या इमारत संहितेतही आगीच्या वेळी बाहेर पडण्याची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत असा दंडक आहे. अपंगांच्या स्वच्छतागृहांसाठी केंद्र सरकारची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतही दार बाहेर उघडणारं, सरकतं किंवा घडीचं असावं आणि ९०० मिलिमीटर मोकळी वाट द्यावी, असं सांगितलेलं आहे. सार्वजनिक जागेत जे शहाणपण आपण मान्य केलं, ते स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मान्य करायला हरकत काय असावी?

पहिली हरकत ठरलेली असते: दार बाहेर उघडलं तर पॅसेजमधून जाणाऱ्याला लागेल. ही भीती निराधार नाही. ३ फुटांच्या पॅसेजमध्ये अडीच फुटी दार उघडं राहिलं तर वाट अडते. पण आतलं पाव वर्तुळ आणि बाहेरचं पाव वर्तुळ यांत फरक आहे. पॅसेजची जागा चालण्यासाठी मोकळी ठेवावीच लागते, तिथे कपाट किंवा बेसिन येणार नसतं, त्यामुळे दार तिथून फिरलं तरी आपलं काही जात नाही. शिवाय बिजागरी कोणत्या बाजूला लावायची हे आपल्या हातात असतं. उघडलेलं दार पुढच्या मोकळ्या भिंतीला सपाट टेकेल अशी बाजू निवडली, लांब पात्याच्या बिजागऱ्या वापरल्या, तर दार पूर्ण १८० अंशांत वळून भिंतीला लागून राहतं. दोन दारं समोरासमोर येऊन एकमेकांवर आपटतात अशी रचना क्वचित असते, तिथे मात्र हा उपाय चालणार नाही आणि सरकत्या दाराकडे वळावं लागेल.

दुसरी हरकत पाण्याची, आणि ती मला अधिक वजनदार वाटते. अंघोळीचं पाणी दाराच्या आतल्या अंगावर उडतं, आणि बाहेर उघडणाऱ्या दारावरून ते निथळून पॅसेजच्या लादीवर येतं. यावर उपाय गवंडीकामात आहे. उंबऱ्याच्या ग्रॅनाइट पट्टीला आतल्या बाजूला ढाळ द्यायचा आणि दाराच्या खालच्या कडेला आतून पाणी तोडणारी पट्टी लावायची, म्हणजे निथळणारं पाणी पट्टीवरून आतच पडतं. अंघोळीची जागा आणि दार यांच्यामध्ये साधा पडदा असला तरी अर्धं काम होतं. तिसरी हरकत आडोशाची: दार बाहेर उघडलं की आतलं सगळं दिसतं. दार दिवाणखान्यासमोर असेल तर हे अवघड वाटणं स्वाभाविक आहे. बिजागरी दिवाणखान्याच्या बाजूला आली, तर उघडलेलं दारच आडोसा धरतं. आणि माणूस आत पडून दार अडण्याचे प्रसंग येतात तरी किती, असं कुणी म्हणेल, तर उत्तर एवढंच की घर बांधताना दाराची दिशा बदलायला जादा पैसा लागत नाही. फुकटात मिळणारी सुरक्षितता नाकारण्याचं कारण सापडत नाही.

जागा वाचवण्याचा विषय निघाला की हल्ली पहिलं नाव सरकत्या दाराचं निघतं. चित्रांत ते देखणं दिसतं. पण आपल्या घरांतली प्रत्यक्ष स्थिती पाहायला हवी. भिंतीच्या पोटात सरकणाऱ्या दाराला दाराच्या दुप्पट रुंदीची पोकळ भिंत लागते. आपल्याकडे बाथरूमची आतली भिंत ४ इंची विटांची असते आणि तिच्यातून पाण्याचे पाइप गेलेले असतात. नव्या इमारतींत, ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या, ज्याला बांधकामवाले ‘मायवान’ म्हणतात त्या पद्धतीच्या घरांत, भिंतीच इमारतीचा भार पेलतात. तिथे छिन्नी-हातोडा लावायचाच नसतो. राहिलं भिंतीवरून सरकणारं दार. त्याला बाजूची अडीच-तीन फूट भिंत पूर्ण रिकामी हवी. बाथरूमच्या दाराशेजारी नेमका दिव्याचा आणि गिझरचा स्विचबोर्ड असतो, आणि त्याच्या खाली बहुतेकदा फ्रिज नाहीतर चपलांचं कपाट. ते सगळं हलवलं, तरी वरून लटकणाऱ्या दाराच्या कडेला बोटभर फट राहतेच. संडास असलेल्या खोलीला पूर्ण बंद होणारं दार हवं, असं संहितेचंच म्हणणं आहे, आणि ३०० चौरस फुटांच्या घरात, जिथे ओटा आणि संडास यांत चार पावलांचं अंतर असतं, तिथे वास आणि आवाज अडणं ही चैन मानता येणार नाही. तरीही व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाच्या घरात, बाजूची भिंत मोकळी असेल तर, सरकतं दारच उत्तम. खुर्चीत बसून दार स्वतःकडे ओढत मागे सरकण्याची कसरत त्यात वाचते.

घडीच्या दारांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पीव्हीसीच्या अरुंद पट्ट्यांचं, पडद्यासारखं गोळा होणारं दार स्वस्त असतं, पण दोन-चार वर्षांत त्याच्या पट्ट्या निखळतात, सांध्यांत बुरशी धरते आणि त्याला धड कडीही बसत नाही. ते घेऊ नये. मधोमध दुमडणारं दोन फळ्यांचं दार मात्र खरोखर उपयोगाचं आहे. त्याची फळी निम्मी असल्यानं ते निम्मंच पुढे येतं. विमानातल्या संडासाला बहुधा हेच दार असतं, आणि त्याची कडी बाहेरून विमान कर्मचाऱ्यांना सोडवता येते. घरासाठी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: खालच्या बाजूला रूळ नसावा, कारण त्यात केस आणि साबणाचा गाळ साचून दार अडतं, आणि घडी बाहेरच्या बाजूला पडावी, नाहीतर पडलेल्या माणसाचा अडथळा जसाच्या तसा राहतो. घडी झालेल्या फळ्या चौकटीत दोन-तीन इंच वाट अडवतात, तेवढं गणित आधी करून ठेवावं. चौकटीत अडीच फूट असलं तरी प्रत्यक्ष मोकळी वाट कमीच मिळते, आणि वॉकर घेऊन जाणाऱ्याला प्रत्येक इंच लागतो.

कडीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. दार कितीही योग्य दिशेला उघडो, आतून जाड बोल्ट सरकवलेला असेल तर ते बाहेरून उघडणार नाही. बाहेरच्या बाजूला नाण्यानं फिरवता येईल अशी खाच असलेलं कुलूप बाजारात सहज मिळतं. आतून लावता येतं, बाहेर कुणी आहे की नाही हे लाल-हिरव्या खुणेनं कळतं, आणि वेळ आली तर एक रुपयाचं नाणं पुरतं. लहान मूल आत अडकलं तरी हेच कामाला येतं. दाराच्या साहित्याबद्दल फार बोलायची गरज नाही: प्लायवूडचं दार खालून फुगतं आणि पावसाळ्यात चौकटीत अडकतं, त्यापेक्षा पीव्हीसी, एफआरपी किंवा डब्ल्यूपीसीचं दार बरं.

दिशा ठरते ती चौकटीत. मुंबई-पुण्यात आता बाथरूमला सर्रास ग्रॅनाइटची चौकट बसवतात. रुंद पट्टीवर अरुंद पट्टी चिकटवून तिला खाच तयार करतात आणि दार त्या खाचेत टेकतं. खाच ज्या अंगाला, त्या अंगाला दार उघडणार. एकदा लाद्या बसल्या की ही चौकट उखडताना कडेच्या लाद्या फुटतात आणि उंबऱ्याखालचं वॉटरप्रूफिंग उघडं पडतं. खालच्या मजल्यावर गळती सुरू होते ती अशाच ठिकाणाहून. राहत्या घरात बदल करायचा असेल तर जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमची किंवा डब्ल्यूपीसीची नवी चौकट बसवून घ्यावी. आणि ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे, त्यांनी विकासकाबरोबरच्या करारातल्या सुविधांच्या यादीकडे एकदा नीट पाहावं. तिथे नळाचा ब्रँड लिहिलेला असतो, लादीचं माप लिहिलेलं असतं. त्यातच एक ओळ घालून घ्या: सर्व बाथरूमची दारं बाहेर उघडणारी असतील आणि त्यांची कुलपं बाहेरून सोडवता येतील. चौकटी बसण्याआधी हे सांगितलं तर विकासकाला नकार द्यायला सबळ कारण उरत नाही.